पाहुण्यांचं नेटवर्क

आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात रोज संध्याकाळी एक माणूस बसलेला असतो, हे मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी दुरुस्त करून आणलेला टेबलफॅन दोन्ही हातांनी पोटाशी धरून मी जिना चढत होते आणि पंख्याच्या जाळीपलीकडचं मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या वळणावर पाय कशाला तरी अडखळला. मी पुढे गेले, पंखा माझ्याही पुढे गेला, आणि कोणीतरी झटकन उठून झेल घेतला.

पंख्याचा. माझा नाही. मी कठड्याला धरून कशीबशी उभी राहिले.

"लागलं का?" त्यानं विचारलं.

"कोणाला विचारताय? मला, की पंख्याला?"

तो हसला नाही, लाजला. बाहेर पाऊस भुरभुरत होता, जिन्याच्या खिडकीतून गार वारा येत होता आणि त्याच्या मांडीवरून घसरलेला लॅपटॉप पायरीवर तिरका पडला होता. म्हणजे स्वतःचा लॅपटॉप सोडून त्यानं माझा पंखा झेलला होता. हे माझ्या लक्षात आलं, पण एकदा राग आला की मला लगेच कौतुक करायला जमत नाही. माझा स्वभावच तसा आहे, त्याला मी तरी काय करणार.

तुम्ही कोण आणि इथे काय करताय, असं मी चांगलंच दरडावून विचारलं. तो चौथ्या मजल्यावर नव्यानं राहायला आला होता. एका कॉलेजात नेटवर्क सांभाळायची नोकरी होती, आणि स्वतःच्या घरी मात्र इंटरनेट नव्हतं, कारण जोडणीवाले रोज उद्या येतो म्हणत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या कोणाचं तरी वाय-फाय बिनपासवर्डचं होतं आणि ते या पायरीवर सगळ्यात छान लागत होतं. तिसऱ्या मजल्यावरचे ते कोणीतरी म्हणजे आम्हीच.

"खरं तर मी तुम्हाला तेच सांगायला येत होतो," तो म्हणाला. "तुमचं नेटवर्क सताड उघडं आहे. कोणीही आत शिरेल."

"सांगायला येत होतात, की शिरायला?"

त्यानं जरा विचार केला. "आधी सांगायलाच निघालो होतो. दार वाजवायचा धीर झाला नाही… मग इथेच बसलो."

इतकं खरं बोलणाऱ्या माणसावर रागावून तरी किती वेळ राहणार? पंखा त्यानंच वर आणून दिला. मी दारातूनच आभार मानले आणि दार लावून घेतलं. मग उगाचच आरशात बघितलं. केस पार विस्कटलेले होते.

आता हे वाय-फाय उघडं का होतं, तर माझ्या बाबांमुळे. बाबा बस स्थानकावर उद्घोषक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कोणाचं मूल हरवलं, कोणाची पिशवी सापडली, हे सगळ्या गावाला सांगण्यात त्यांचं आयुष्य गेलं. माणसापासून काही लपवून ठेवायचं असतं हे त्यांना पटतच नाही. वाय-फाय घेतलं तेव्हा त्यांनी ठणकावून सांगितलं होतं, की आपल्या भिंतीपलीकडे आपोआप जाणाऱ्या गोष्टीला कुलूप कसलं लावता. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे वाद घालायला तिसरं माणूसही नव्हतं. मी सोडून दिलं.

पण ते सोडून देणं त्याच आठवड्यात माझ्या अंगाशी आलं. मी एका मोठ्या हॉस्पिटलचं काम घरून करते. डॉक्टर रोग्यांविषयी जे बोलून ठेवतात ते ऐकून मी टाइप करते. कोणाला काय झालंय, कोण काय लपवतंय, सगळं माझ्या कानातून जातं. हॉस्पिटलनं कळवलं, की घरून काम करणाऱ्या प्रत्येकाच्या नेटवर्कची तपासणी होणार. ज्याचं नेटवर्क सुरक्षित नाही, त्यानं पुढच्या महिन्यापासून मुख्य कार्यालयात येऊन काम करायचं. मुख्य कार्यालय दुसऱ्या शहरात. बाबांचे गुडघे असे, की जिना उतरायचा तर त्यांना कोणाचा तरी खांदा लागतो. त्यांना सोडून मी जाऊ शकत नव्हते आणि नोकरी सोडली तर घर चालणार नव्हतं. मला रात्रभर काही सुचेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी जिन्यात जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, इतके दिवस आमचं वापरलंत ना, आता आमचं एक काम करा.

"करतो," तो म्हणाला. काय काम, हे त्यानं नंतर विचारलं.

राउटर आमच्या कपाटावर होता. धूळ बसू नये म्हणून बाबांनी त्यावर विणलेला रुमाल घातला होता. त्यानं तो हळूच उचलला, घडी केली आणि बाबांच्या हातात दिला, आणि तिथेच बाबा त्याच्यावर खूश झाले. मग तो माझ्या टेबलाशी स्टुलावर बसला. खुर्ची मला दिली. हात तुम्हीच चालवा, मी सांगतो, म्हणाला. घर तुमचं आहे, कुलूप तुम्हाला लावता आलं पाहिजे.

मी राउटरचं पान उघडलं. पानानं नाव विचारलं, पासवर्ड विचारला. दोन्ही अ‍ॅडमिन. दुकानातून आलं तेव्हापासून तेच होतं.

"हे जगातल्या निम्म्या घरांत असंच असतं," तो म्हणाला.

"म्हणजे मी निम्म्या जगाइतकी बावळट आहे."

"तसं नाही… निम्म्या जगाला मी हे असं शेजारी बसून सांगत नाही."

मी कीबोर्डकडे बघत राहिले. कान गरम झाले होते. केस मोकळे आहेत म्हणून बरं, असं मनात आलं.

एन्क्रिप्शन म्हणजे काय ते त्यानं बाबांना समजावलं. आत्ता तुमच्या मुलीचं काम पोस्टकार्डासारखं हवेतून जातं, ज्याच्या हाती लागेल तो वाचेल. आता ते बंद पाकिटातून जाईल, आणि पाकीट कोणी पळवलं तरी आतलं त्याला वाचता येणार नाही. बाबांना पोस्टकार्ड पटलं. मग आम्ही एन्क्रिप्शनच्या यादीतले जुने प्रकार सोडून सगळ्यात नवा निवडला. बटण दाबून कोणालाही जोडता येण्याची जी सोय असते ती बंद केली. राउटरला नवं सॉफ्टवेअर घातलं, त्याला बराच वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात मला कळलं, की त्याला पोहता येत नाही, त्याच्या धाकट्या बहिणीनं त्याचं नाव ढिम्म ठेवलंय आणि तो गाणं फक्त भांडी घासताना म्हणतो. माझ्याविषयी त्याला काय कळलं ते त्यालाच ठाऊक. मी बरीच बडबडले.

मग पासवर्ड ठरवायची वेळ आली. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द घ्या, लांबलचक करा, वाढदिवस वगैरे नको, असं सांगून तो उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मी म्हटलं, हे काय.

"माझी सवय आहे. कोणी पासवर्ड टाकत असलं की मी पाठ फिरवतो. मी कितीही ओळखीचा झालो तरी तुम्ही मला तो सांगायचा नाही."

"कितीही ओळखीचे होणार आहात वाटतं?"

भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचे फक्त कान दिसतात. ते लाल झाले. मी मुद्दाम सावकाश टाइप केलं. झालं का, त्यानं विचारलं. नाही, म्हटलं, अजून मोठा करते. भिंतीवरच्या ओलीच्या डागाचं तो इतक्या मन लावून निरीक्षण करत होता, की मला हसू आवरेना.

शेवटी त्यानं पाहुण्यांसाठी एक वेगळं नेटवर्क करायला लावलं. घरी कोणी आलं तर त्यांना तेवढंच द्यायचं, म्हणजे ते तुमच्या कामाच्या बाजूला फिरकणार नाहीत. त्याचा पासवर्ड मी लगेच त्याला सांगितला. पहिले पाहुणे तुम्हीच, म्हटलं. तो थँक यू म्हणाला, चहाचा कप स्वतः विसळून ठेवला आणि गेला.

खऱ्या पासवर्डाचं बाबांना बजावून ठेवलं, की तुमच्या फोनला लागतो म्हणून सांगतेय, बाहेर बोलायचं नाही. बाबांनी कानाला हात लावले.

मला वाटलं होतं, आता तो जिन्यात दिसणार नाही. रुमाल काढल्यापासून पाहुण्यांचं नेटवर्क चौथ्या मजल्यावरही नीट पोचत असेल, मग पायरीवर कशाला बसेल? कुलूप आपणच लावलं आणि आपणच हिरमुसलो, असं झालं. पण दुसऱ्या संध्याकाळी खाली उतरले, तर स्वारी आपल्या जागेवर. लॅपटॉप मांडीवर, पाय आखडलेले. वर रेंज कमी येते का, मी विचारलं. तो हं… असं काहीसं म्हणाला. मीही जास्त चौकशी केली नाही. तिथेच कठड्याला टेकून उभी राहिले. रोज थोडा थोडा वेळ. पाऊस असला की खिडकीतून तुषार यायचे आणि तो लॅपटॉपआधी मला सरकायला सांगायचा. घरी परत गेले की बाबा विचारायचे, कचरा टाकायला इतका वेळ? मी म्हणायचे, जिना ओला आहे, जपून चढावं लागतं.

तपासणी शनिवारी सकाळी होती. तपासनीस बाई व्हिडिओवर आल्या. चष्मा, पांढरे केस, आवाज एकदम शांत. मी माझा स्क्रीन त्यांना दाखवला. नवं एन्क्रिप्शन, छान. राउटरचा पासवर्ड बदललेला, छान. बटणाची सोय बंद, पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं आणि रिकामं, छान. मग त्यांनी मुख्य नेटवर्कला कोण कोण जोडलंय त्याची यादी उघडायला सांगितली. माझा लॅपटॉप, माझा फोन, बाबांचा फोन. आणि खाली आणखी एक. नाव नाही, नुसतेच आकडे आणि अक्षरं.

"हे कोणाचं?"

माहीत नाही, मी म्हणाले. माहीत नाही म्हणजे असुरक्षित, असं त्या अगदी मायेनं म्हणाल्या. कोणाचं आहे ते शोधा, बंद करा, मी चार वाजता परत बघते. त्यानंतर मात्र जे दिसेल ते मला लिहावं लागेल.

मी बाबांना विचारलं, तुम्ही कोणाला सांगितलंत का? बाबा दाढी करत होते. ते म्हणाले, परक्या माणसाला मी कशाला सांगेन.

मग उरलं कोण? त्याला येतंच सगळं. पाठ फिरवली म्हणून काय झालं, खिडकीच्या काचेत दिसलं असेल. आणि मी मूर्ख, त्याच्या कानांकडे बघत बसले. तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच, घरच्या चपलांवर चौथ्या मजल्यावर गेले आणि दार धाडधाड वाजवलं.

त्यानं दार उघडलं. हाताला साबणाचा फेस होता. मला बघून त्याचा चेहरा असा उजळला, की मला आणखीच राग आला. मी एका दमात सगळं बोलले. आमच्या नेटवर्कवर चौथं यंत्र आहे, ते तुमचं आहे, पाठ फिरवायचं नाटक केलंत, माझी नोकरी जाणार आहे, बाबांना टाकून मला परगावी जावं लागेल, आणि मी तुम्हाला चांगलं समजत होते. शेवटचं बोलताना आवाज फुटला, त्याचीही चीड आली.

त्याचा चेहरा उतरला होता. मग त्यानं हात पुसले, दार पूर्ण उघडलं आणि बाजूला झाला.

खोलीच्या कोपऱ्यात, जमिनीवर, एक नवाकोरा राउटर होता. हिरवे दिवे लुकलुकत होते.

"माझं कनेक्शन आलंय," तो म्हणाला. "तुमच्याकडे आपण सगळं बसवलं ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. मला तुमचं नेटवर्क लागत नाही. पाहुण्यांचंही मी कधी वापरलं नाही. आज तपासणीत ते रिकामं दिसलं असेल."

दिसलं होतं. छान म्हणाल्या होत्या बाई. मी बघूनही बघितलं नव्हतं.

"मग रोज पायरीवर… लॅपटॉप घेऊन काय करत होतात?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

त्यानं खाली बघितलं. "परवा तर तो चालूसुद्धा नव्हता. तुम्ही संध्याकाळी कचऱ्याचा डबा घेऊन उतरता… तेवढ्यासाठी बसायचो. हे असं सांगायचं नव्हतं मला. पण नाही सांगितलं तर तुम्ही मला चोर समजाल."

दोन माणसांच्या घरात कचरा होतो तरी किती, हे मला सांगायला हवं होतं. अर्धा रिकामा डबा मी रोज खाली नेत होते, एकदा तर नुसता कागद घालून नेला होता, हेही सांगायला हवं होतं. पण तेवढ्यात खालून, आमच्या गॅलरीतून, आवाज आला. खणखणीत, एकेक शब्द सुटा, पाच फलाटांवर एकदम पोचेल असा.

"कृपया लक्ष द्या. सतरा. भोपळे. ओली. चप्पल. सगळं इंग्रजी अक्षरांत, सगळं जोडून. पुन्हा एकदा ऐका. सतरा. भोपळे…"

आम्ही दोघं खिडकीकडे धावलो. खाली गॅलरीत बाबा उभे होते, आणि पलीकडच्या गॅलरीत शेजारच्या काकू फोन हातात घेऊन एकेक अक्षर टिपत होत्या. त्यांच्या टीव्हीला बाबांनी आधीच जोडून दिलं होतं, मालिका बुडत होती म्हणून. आज फोनची पाळी होती. समोरच्या बिल्डिंगमधल्या दोन गॅलऱ्यांतूनही माणसं कौतुकानं ऐकत होती.

त्याच्याकडे बघायची माझी हिंमत होईना. शेवटी बघितलं, तर तो ओठ घट्ट दाबून हसू आवरत होता, आणि ते काही त्याला जमत नव्हतं.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "फार वाईट बोलले मी. खाली याल का? चारच्या आत सगळं बदलायला हवंय."

तो आला. बाकीचं मी त्याला काहीच बोलले नाही, आणि त्यानंही विचारलं नाही. आमच्या घरात आधी बाबांची उलटतपासणी झाली. काकू काय परक्या आहेत का, असं त्यांनी मलाच विचारलं. तुझी आई आजारी होती तेव्हा डबा कोण द्यायचं? मग त्यानंच मध्ये पडून बाबांना सांगितलं, की काकूंना नेटवर्क जरूर द्या, फक्त पाहुण्यांचं द्या. त्याचा पासवर्ड गॅलरीतून, जिन्यातून, कुठूनही सांगा. बाबांचा चेहरा खुलला. कोणाला नाही म्हणायचं नाही, एवढंच त्यांना हवं होतं. खरा पासवर्ड मी नवा केला, बाबांच्या फोनला स्वतः घातला आणि त्यांना ऐकवलाच नाही. ते म्हणाले, बरं झालं, डोक्याला ताप नाही.

चार वाजता बाई आल्या. तो खिडकीशी उभा होता, कॅमेऱ्यात दिसणार नाही असा. त्याच्या मनात काय चाललं असेल याचा मला अंदाज होता. सकाळी त्यानं सगळं सांगून टाकलं होतं आणि माझ्याकडून त्याला माफीशिवाय काही मिळालं नव्हतं. तो निघून जाईल कामं झाली की, नमस्कार करून. आणि उद्यापासून जिन्यात बसायला त्याला तोंड उरणार नाही. हे मला स्पष्ट दिसत होतं.

बाईंनी यादी बघितली. तीनच नावं. पाहुण्यांच्या बाजूला एक टीव्ही आणि एक फोन, त्याला त्यांची हरकत नव्हती. झालं, म्हणाल्या, तुम्ही घरूनच काम करा. माझा जीव भांड्यात पडला. बाबांनी आतून टाळी वाजवली.

"नोंदीसाठी एकच शेवटचं," बाई म्हणाल्या. "घरात राहणारी माणसं किती?"

"दोन," मी म्हणाले. खिडकीशी तो लॅपटॉपचं दप्तर उचलत होता. मला माझाच आवाज ऐकू आला. "म्हणजे… सध्या दोन."

"वाढणार आहेत का?"

"माझी तशी इच्छा आहे. समोरच्या माणसाला विचारायचं राहिलंय."

बाईंनी चष्मा खाली घेतला. क्षणभर त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग पहिल्यांदाच हसल्या. विचारून घ्या, म्हणाल्या, आणि ठरलं की कळवा. आम्हाला नोंद बदलावी लागते. स्क्रीन बंद झाला.

त्याचं दप्तर एका खांद्यावर तसंच लोंबकळत राहिलं होतं.

"आता विचार," तो म्हणाला. पहिल्यांदाच एकेरीत.

"मला तू आवडतोस. पंखा झेललास तेव्हापासून नाही, तेव्हा राग आला होता. नंतर कधीतरी. राहशील का माझ्याबरोबर?"

"राहीन," तो म्हणाला. "पण मला भांडी घासताना गाणं म्हणायची परवानगी पाहिजे."

मी हो म्हणाले. आतून बाबा विचारत होते, की अगं, कोण येतंय राहायला.